ताराबाईच्या घरावरची काळी वायर

धारूरच्या बाजारात रेवणसिद्ध अप्पांना न ओळखणारी पोरं आता पुष्कळ सापडतील. पण एक काळ असा होता, की संध्याकाळी अप्पा रस्त्यानं निघाले की ओट्यावरच्या बाया हाक मारायच्या, "अप्पा, आमच्याकडं मुंग्या दिसायल्यात." मुंग्या म्हणजे टीव्हीच्या पडद्यावर नाचणारे ठिपके. अप्पा कपाळावरची विभूती सावरत माळ्यावर चढायचे, वायर खरवडून परत जोडायचे, आणि खालून पोरांचा गलका उठायचा, "आलं, आलं." ती त्यांची टाळी. रोज संध्याकाळी, गल्लोगल्ली.

गावाला घरोघरी केबल दाखवली ती अप्पांनी. त्यांच्या गच्चीवर ही मोठी छत्री, खाली एका खोलीत यंत्रं, आणि त्या खोलीतून निघालेली जाड काळी वायर लिंबाच्या फांदीवरून, मठाच्या कठड्यावरून, कुणाच्या न्हाणीवरून गावभर हिंडायची. एका वायरीला फाटा, त्या फाट्याला आणखी फाटा, असं करत करत शेवटच्या घरापर्यंत चित्र पोचायचं. शेवटच्या घरात ते जरा मळकट दिसायचं, मग मधे एक बूस्टर ठोकायचा. ही अप्पांची विद्या. कुणी शिकवली नव्हती, हातानं हातालाच शिकवलेली. गावाच्या चॅनलवर तर ते स्वतः कॅमेऱ्यापुढं बसून सांगायचे, कुणाची गाय हरवली, कुणाच्या पोरीचं लग्न कधी, नळाला पाणी कधी. पेठेतला दुकानदार असो की घाटातला मेंढपाळ, अप्पांचं तोंड सगळ्यांना पाठ होतं.

पुढं घरोघरी छोट्या छत्र्या आल्या, मग मोबाइल आले. यंत्रांवर चादर पडली. पण ज्याला टाळीची सवय लागली, त्याला खेळ संपल्यावर रंग पुसून घरी जाणं फार जड जातं. अप्पा हळूहळू लोकांच्या घरची वायरिंग करू लागले आणि बोलता बोलता सांगू लागले, "ह्या गावाला टीव्ही म्या दाखवला."

त्या जुन्या दिवसांत बंकट नावाचा एक धनगर घाटाच्या तोंडाशी, वस्तीपासून लांब राहायचा. त्याची बायको ताराबाई एकदा बाजारात म्हणाली होती, "आमच्याकडं कोण वायर आणतंय, आमी काय मान्साच्यात हाव का?" लोक हसले. कुणीतरी म्हणालं, मेंढरं टीव्ही बघणार का. अप्पा हसले नाहीत. बाभळीवरून, बांधावरून, काट्यांतून त्यांनी स्वतः वायर ओढत नेली. बंकटनं त्या बदल्यात आपल्याच मेंढरांच्या लोकरीची एक घोंगडी आणून दिली. अप्पा सकाळची लिंगपूजा करतात ती आजही त्याच घोंगडीवर बसून.

हे सगळं आधी सांगितलं, कारण ही जुनी वायर ठाऊक नसेल तर पुढच्या नव्या वायरीची लाज कळायची नाही.

गेल्या दिवाळीत बंकटला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. त्यानं कळप विकला, दोन-चार मेंढ्या तेवढ्या ठेवल्या आणि घाटरस्त्याला लागून पक्कं घर बांधायला काढलं. एकुलती एक पोर सुकन्या पुण्याला एका कंपनीत नोकरीला. तिनं साहेबांना विचारलं, वडिलांपाशी राहून काम करू द्याल का. साहेब म्हणाले, करा. पण स्वतंत्र खोली हवी, दार बंद होणारी, आणि नेट हवेतलं नको, तारेचं हवं, मधे तुटायला नको. ठरलेल्या सोमवारी आम्ही इथून तपासू. बसलं तर राहा गावी, नाही बसलं तर परत या.

सुकन्याच्या मनात होतं की बीडहून नाहीतर अंबाजोगाईहून, नेटचंच काम करणारं कुणी बोलवावं. तिनं तसं म्हटलंही. बंकट खाटेवर पडून ऐकत होता. डाव्या हातानं त्यानं खाटेची कड ठोकली आणि जड जिभेनं एकच शब्द उच्चारला.

"अप्पाच."

मग अप्पांनाच निरोप गेला.

अप्पा आले तेव्हा भिंतींना गिलावा व्हायचा होता. सुकन्या त्यांच्यासोबत खोल्या फिरली. नेटचा डबा जिन्याखालच्या कोनाड्यात बसणार होता. एक पॉइंट बैठकीत टीव्हीजवळ, एक आई-वडिलांच्या खोलीत, एक वर तिच्या खोलीत.

"अप्पा, प्रत्येक पॉइंटला डब्यापासून वेगळी वायर ओढायची बरं का. मी वाचलंय थोडं."

अप्पा हसले. असं हसले, जसा जुना नट रंगमंचावर आपल्याला वाट दाखवणाऱ्या नव्या पोराकडं बघून हसतो.

"पोरी, तुझ्या बापाच्या वस्तीवर मी बाभळीवरून वायर आणली तवा तू पाळण्यात होतीस. वायर कशी फिरवायची ते मला सांगतीस व्हय?"

सुकन्या ओशाळली. "तसं न्हाई म्हणत, अप्पा."

खाटेवरून बंकटनं हात हलवला. त्याला एवढंच सांगायचं होतं, की पॉइंट छातीच्या उंचीवर घ्या. अप्पांना आधी कळेना. मग ताराबाईनं उलगडून सांगितलं, "कोकरं घरातच बांधतोत आमी थंडीचे. खाली काही लोंबलं की चावतेत. गेल्या साली माझ्या चार्जरची वायर खाल्ली बघा." ते अप्पांनी तत्काळ मान्य केलं. मेंढपाळाच्या घरातल्या भिंतीवरचे नेटचे पॉइंट छातीच्या उंचीवर असतात, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नसेल, पण ते बरोबर होतं.

मग अप्पा पेठेत संगमेशच्या दुकानी गेले. संगमेश त्यांच्याच समाजातला, चाळिशीचा, विजेच्या सामानाचं दुकान चालवणारा. अप्पा दिसताच त्यानं गल्ल्यामागची आपली खुर्ची पुढं केली.

"बसा अप्पा. काय देऊ?"

"बंकटच्या घराला नेटचे पॉइंट लावायचेत. दाखव काय काय हाय."

संगमेशनं काउंटरवर फडकं मारून एकेक प्लेट मांडली. लहान तोंडाची. "ही फोनची. हिच्यात नेटचा प्लग शिरत न्हाई, पण लोक दिसायला सारखी म्हणून नेतेत अन् परत येतेत." गोल तोंडाची, मधे बारीक भोक. अप्पांनी ती हातात घेऊन जरा वेळ अंगठा फिरवला. ती त्यांच्या केबलची. आयुष्यभर तेच तोंड ओळखलं होतं. मग रुंद तोंडाची, आत सोन्यासारख्या पिवळ्या तारांची रांग. "ही नेटची. हिच्यात पुन्हा दोन. एक उघडी, एक झडपेची. घाटाकडून धूळ लई येती तिथं, झडपेचीच घ्या. प्लग काढला की झडप आपोआप पडती."

अप्पांनी झडप बोटानं उघडून पाहिली, सोडली, परत उघडली. त्यांना ती आवडली. लहान पडदा असावा तशी.

"हीच दे. भारीतली दे. बंकटचं घर हाय."

"देतो. वायर बी देऊ का?" संगमेश वायरीचं बंडल खाली काढता काढता सहज म्हणाला, "अप्पा, प्रत्येक खोलीला येगळी वायर ओढायलात ना?"

दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. अप्पांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"संगमेश, तू चड्डीत फिरत होतास तवा तुझ्या बापाच्या घरी टीव्ही कुणी लावला?"

"तुमीच, अप्पा."

"मग?"

"मग काही न्हाई," संगमेश म्हणाला, आणि वायर मोजू लागला.

आता खरं सांगायचं तर अप्पांना ठाऊक नव्हतं. नेटची वायर केबलसारखी फाट्यावर फाटा मारून चालत नाही. डब्यापासून प्रत्येक पॉइंटपर्यंत तिची वाट वेगळी लागते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. दोघांनी सांगितलं होतं. पण ज्या हातांनी अख्खं गाव एका वायरीवर चालवलं, त्या हातांना तीन खोल्यांसाठी तीन वायरी म्हणजे अडाणीपणा वाटला. त्यांनी बारीक पाईप भिंतीत गाडला, खोलीतून खोलीत, बैठकीतून आई-वडिलांच्या खोलीत, तिथून वर. एकच वायर. प्रत्येक पॉइंटच्या मागं येणारी तार आणि जाणारी तार एकाच जॅकमध्ये, म्हणजे प्लेटमागच्या खाचेत, दाबून बसवली. वरच्या खोलीत सुकन्याचा लॅपटॉप लावून पाहिला. हिरवा दिवा लागला. बाकीच्या दोन पॉइंटना तेव्हा काहीच जोडलेलं नव्हतं.

"लागला," सुकन्या म्हणाली, आणि तिचा चेहरा मोकळा झाला.

अप्पांनी खिडकीतून घाटाकडं बघितलं. खूप दिवसांनी त्यांना ते "आलं, आलं" ऐकू आल्यासारखं झालं.

गिलावा झाला, रंग झाला. वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी ताराबाई सगळ्या कामगारांमागं हात धुवून लागली. "जे काय ठोकायचं ते आजच ठोका. उद्यापासून वर्षभर ह्या घराला लोखंड लावायचं न्हाई." हा तिच्या सासूचा दंडक. वास्तू झालेल्या घराला वर्षाच्या आत घाव घातला, तर घरधन्याला लागतो. धडधाकट नवरा असता तर ताराबाईनं कदाचित तो दंडक थोडा सैल केला असता. पण घरधनी खाटेवर होता.

गुरुवारी वास्तुशांत झाली. अंगणात मांडव, पुरणाचं जेवण, धनगरवाड्यातली माणसं, पेठेतली माणसं. बंकटला नवी टोपी घालून बैठकीत लोडाला टेकून बसवलं होतं. त्याला धनगरांचा गजी ढोल ऐकायचा होता, म्हणून सुकन्यानं टीव्हीचा डबा भिंतीच्या पॉइंटला जोडला आणि वर आपल्या खोलीत जाऊन लॅपटॉपही लावला, पाहुण्या मैत्रिणींना दाखवायला.

टीव्हीवर गोल चक्र फिरत राहिलं. वर लॅपटॉपही बंद.

सुकन्या खाली आली, वर गेली, परत खाली आली. मग पाहुण्यांच्या गर्दीतून अप्पांपाशी येऊन हलक्या आवाजात म्हणाली, "अप्पा, टीव्हीचा प्लग काढला की माझं चालू होतंय. तेबी अडखळत. दोन्ही लावले की दोन्ही बंद."

त्या क्षणी अप्पांना कळलं. कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पन्नास गल्ल्यांत वायर फिरवलेल्या माणसाला वायरीचं दुखणं ऐकल्याबरोबर कळतं. एकाचं चाललं की दुसऱ्याचं बंद, म्हणजे एकाच वाटेवर दोघं समोरासमोर आले. संगमेशचा प्रश्न आठवला. पोरीनं ओशाळून म्हटलेलं "तसं न्हाई म्हणत" आठवलं. आणि आजूबाजूला सगळं गाव पुरणाची ताटं घेऊन उभं, तोंडं त्यांच्याकडं वळलेली. जणू प्रवेश आपला, प्रेक्षक समोर, आणि वाक्य आठवत नाही. अशा वेळी नट जे वाक्य तोंडात येईल ते फेकतो.

"माल खोटा निघाला," अप्पा मोठ्यानं म्हणाले. "संगमेशनं झडपेचे म्हणून डुप्लिकेट पॉइंट मारले दिसतेत."

"असं करतंय का बे संगम्या," कुणीतरी म्हणालं.

"आजकाल सगळंच डुप्लिकेट," दुसरा म्हणाला.

माणसं परत जेवणाकडं वळली. लोडाला टेकलेला बंकट अप्पांकडं बघून मान हलवत होता, अप्पा आहेत तर होईल, अशा विश्वासानं. अप्पांनी समोरचं ताट तसंच ठेवलं.

मांडवातलं बोलणं कानावर गेल्यावर शुक्रवारी सकाळी, कुणी न बोलावता, संगमेश स्वतः आला. हातात नवे पॉइंट, खिशात स्क्रू-ड्रायव्हर. अप्पाही तिथं होते. न जाऊन भागणार नव्हतं. पाईपातून आणखी दोन वायरी सरकतात का, हे ते पाहत होते. पाईप बारीक, वळणं दोन. सरकत नव्हत्या.

संगमेशनं बैठकीतला पॉइंट उघडला. स्क्रूला हात लावायला ताराबाईची हरकत नव्हती, घाव तेवढा नको होता. प्लेट पुढं आली आणि तिच्या मागं एकाच जॅकमध्ये दाबलेल्या त्या दोन वायरी दिसल्या. संगमेशचा हात थांबला. त्यानं एकदा त्या वायरींकडं बघितलं. अप्पांकडं बघितलं नाही. जुना जॅक काढला, नवा बसवला, तशाच्या तशा दोन्ही वायरी परत दाबल्या आणि प्लेट बंद केली. मग दुसरा. मग वरचा.

"झालं का चालू?" ताराबाईनं विचारलं.

"बघू," संगमेश म्हणाला. "माल खोटा निघतोय कधीमधी, मावशी."

झालं नाही, हे त्याला ठाऊक होतं. अप्पांनाही ठाऊक होतं. बाहेर पडताना फाटकापाशी संगमेशनं गाडीला किक मारली आणि मान खाली ठेवूनच म्हणाला, "अप्पा, सोमवारच्या आत बघा काही तरी. पोरीचं काम हाय."

एवढंच. त्यानं दोष दिला असता तर अप्पा भांडले असते. भांडणात माणसाला आडोसा मिळतो. संगमेशनं तोही दिला नाही.

शनिवारी अप्पांची बायको गंगासागर त्यांच्यापुढं भाकरी ठेवून बराच वेळ बघत बसली.

"जेवत कावून न्हाईत?"

"भूक न्हाई."

"पोटात दुखतंय का?"

"काही न्हाई म्हणलं की."

"मुंग्या दिसायल्यात तुमच्या तोंडावर," गंगासागर म्हणाली. "वायर कुठं सुटली ते तुमालाच ठावं. जा, जोडून या. भाकरी झाकून ठिवते."

ती हसत म्हणाली. अप्पांना हसू आलं नाही. रविवारी सकाळी ते लिंगपूजेला बसले, खाली बंकटची घोंगडी. तळहातावरच्या लिंगावर बेलपान ठेवताना त्यांचं लक्ष पानाकडं नव्हतं. लोकर मांडीला टोचत होती. रोज टोचत असणारच. त्या दिवशी कळली.

पूजा उरकून ते संगमेशच्या दुकानाकडं निघाले, मनाशी वाक्य पाठ करत. पायरीशी पोचले तर आतून आवाज आला. बाजारात सगळ्यांची थट्टा करत फिरणारा तानाजी काउंटरला रेलून उभा होता.

"संगम्या, खरं सांग, त्या झडपेच्या प्लेटी कुठून आणतो? हॉटेलात लोक बोलायलते, अप्पा म्हणले तुझा माल डुप्लिकेट हाय म्हणून. माझ्या घरी पंखा दिला तूच. तो फिरतोय ते हवेनं फिरतोय का लाइटीनं?"

"फिरतोय ना? मग झालं," संगमेश म्हणाला.

"न्हाई, आता मला भ्या वाटतंय बे. झोपेत पडायचा."

संगमेशनं वर बघितलं तेव्हा पायरीवरचे अप्पा त्याला दिसले. तो उठला. खुर्ची पुढं केली.

"बसा अप्पा. च्या सांगतो."

अप्पा बसले. चहा आला. तानाजी त्यांच्याकडं वळला. "सांगा की अप्पा ह्याला. मोठ्या मान्साचं ऐकंल." अप्पांनी बशीत चहा ओतला. पाठ केलेलं वाक्य घशापर्यंत आलं आणि चहाबरोबर खाली गेलं. ते एवढंच म्हणाले, "चहा गोड झालाय," आणि उठले. माणूस कुठल्याही वयात स्वतःला इतका छोटा दिसू शकतो, हे त्यांना त्या पायऱ्या उतरताना कळलं. मागं संगमेश बशा गोळा करत होता.

तिथून ते घरी गेले नाहीत. यंत्रांच्या खोलीतून छिन्नी आणि हातोडा घेतला, पिशवीत टाकला आणि बंकटच्या घरी गेले.

अंगणात सुकन्याची बॅग उभी होती. सोमवार व्हायच्या आधीच तिनं आशा सोडली होती. ताराबाई चुलीपाशी भाकरी थापत होती, नव्या घरातही चूल तिनं अंगणात ठेवली होती. पिशवीतून बाहेर आलेलं हातोड्याचं डोकं तिला दिसलं.

"ते काय हाय अप्पा?"

"भिंत फोडावी लागती, ताराबाई."

तिचा हात परातीत थांबला. "वास्तू झाली गुरुवारी. तुमी जेवून गेलात. आता घाव घालता?"

"घालावा लागतो. पाईप बारीक हाय, दुसरी वायर जात न्हाई."

"पण प्लेटी तर संगमेशनं नव्या लावल्या. अजून काय खोटं हाय?"

अप्पा उभेच होते. ऊन डोक्यावर होतं. खाटेवर बंकट जागा होता, दारातून सगळं दिसत होतं त्याला. सुकन्या जिन्यातून खाली येऊन उंबऱ्यात थांबली.

"प्लेटी पहिल्यापासून खऱ्याच होत्या," अप्पा म्हणाले. आवाज त्यांना स्वतःला परका वाटला. गावाच्या चॅनलवर बातम्या सांगणारा आवाज हा नव्हता. "खोटं माझं काम हाय. एकाच वायरीवर सगळे पॉइंट घेतले. पोरगी म्हणाली हुती, येगळ्या वायरी टाका. संगमेश बी म्हणाला हुता. मी दोघांचं बी ऐकलं न्हाई. गुरुवारीच कळलं मला. अन् तरी मी संगमेशचं नाव घेतलं, सगळ्या लोकांत."

एक कोकरू सुकन्याच्या बॅगेचा पट्टा चघळत होतं आणि त्याला कुणी हाकललं नाही.

ताराबाईनं थापलेली भाकरी तव्यावर टाकली, उलटली, विस्तवावर शेकली. मगच बोलली.

"हातोडा पिशवीत घाला."

"मग काम कसं..."

"पहिल्यांदा आमच्या वस्तीवर वायर आणलती तवा कुठली भिंत फोडलती तुमी?"

अप्पांनी वर बघितलं. जिन्याखालची खिडकी, तिच्यावर छज्जा, छज्ज्यावरून वर सुकन्याच्या खोलीचं तावदान. बाहेरच्या बाहेर. खिळासुद्धा न ठोकता, खिडकीच्या गजांना आणि पावसाच्या पाईपाला बांधत बांधत जाता येत होतं.

"दिसंल ती," अप्पा म्हणाले. "नव्या रंगावर काळी वायर. घाटरस्त्यानं जाणारा प्रत्येकजण बघंल."

"दिसू द्या," ताराबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग होता की नव्हता, हे अप्पांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. "वर्ष झाल्यावर फोडा भिंत. तवर लोंबू द्या तशीच."

मग अप्पांनी वायर ओढली. सुकन्या तावदानातून हात बाहेर काढून धरत होती, अप्पा शिडीवर. बैठकीतला टीव्ही भिंतीतल्या वायरीवर एकटा राहिला. बाकी दोन पॉइंटांच्या मागची जोडणी अप्पांनी उघडून सोडवली. मधल्या पॉइंटचं तोंड रिकामं राहिलं, नुसती झडप पडलेली. वरच्या खोलीला तिची स्वतःची वायर मिळाली. अप्पा उतरायला लागले तशी सुकन्या खाली आली. तिनं शिडी धरली आणि म्हणाली, "अप्पा, मी तवाच जोर देऊन सांगाया पायजे होतं."

"न्हाई," अप्पा म्हणाले. "तू सांगितलंतीस."

तिनं दिलेली ही सवलतही त्यांना घेता आली नाही.

सोमवारी सकाळी खाली बंकट गजी ढोल बघत होता आणि वर दार लावून सुकन्या पुण्याच्या साहेबांशी बोलत होती. दोन्ही हिरवे दिवे एकाच वेळी. अप्पा ओट्यावर बसून होते. बऱ्याच वेळानं दार उघडलं, सुकन्या जिन्यावरून खाली आली आणि आईला म्हणाली, "बसलं. राहते मी." ताराबाईनं बॅग उचलून आत नेली. बंकटनं डावा हात अप्पांच्या दिशेनं वर केला, शाबासकीचा. सगळ्यांत जास्त तो हात लागला अप्पांना. रविवारी त्यानं सगळं ऐकलं होतं, आणि तरी तो हात वर होता.

तेवढ्यात रस्त्यावरून तानाजीची मोटारसायकल गेली, पुढं जाऊन थांबली आणि वळून आली.

"ओ अप्पा, नव्या घराला ही दोरी कावून बांधली? कपडे वाळू घालायला का?"

अप्पांनी मान वर केली. काळी वायर छज्ज्यावरून पिवळ्या भिंतीवर, उन्हात, सगळ्या जगाला दिसेल अशी पसरली होती. वाक्य पुन्हा घशापर्यंत आलं. या वेळी पुढ्यात चहा नव्हता.

"माझी चूक हाय ती, तानाजी. वायरिंग मी चुकवलं. संगमेशचा माल खरा होता, मी खोटं बोललो. हॉटेलात हे सांग. मी बी पेठेतच यायलोय, पण तू आधी पोचशील."

तानाजीनं गाडी बंद केली. "बरं," तो म्हणाला. परत किक मारली. मग, "माझा पंखा चांगला हाय मग," असं म्हणून निघून गेला.

अप्पा त्या दिवशी पेठेत गेले. संगमेशच्या दुकानात त्यांनी जे बोलायचं ते गिऱ्हाइकांसमोर बोललं. संगमेशनं ऐकून घेतलं आणि पुन्हा तीच खुर्ची पुढं केली. अप्पा या वेळी बसले नाहीत, उभ्यानंच बोलले आणि घरी आले. गंगासागरनं झाकलेली भाकरी काढली. अप्पा जेवायला बसले.

वर्ष अजून पुरं झालेलं नाही. वायर तिथंच आहे. घाटातून येणाऱ्याजाणाऱ्याला दिसते, आणि कुणी विचारलं तर ताराबाई सांगत नाही; म्हणते, "अप्पाला विचारा." अप्पांना आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच. ते सांगतात. सांगताना अजून त्यांच्या कानाच्या पाळ्या तापतात. घाटाकडच्या कामांवरून गाडीनं आपल्या घराकडं यायला मागून एक आडरस्ता आहे, शेतातून, मोकळा. अप्पा त्या रस्त्यानं जात नाहीत. घाटरस्त्यानंच जातात, त्या पिवळ्या घरापाशी गाडी हळू करतात, आणि खाटेवरून वर येणारा डावा हात दिसला की आपलाही हात वर करतात.